माझ्या हृदयाला सूज आली तेव्हा

रोह्याच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाचं पोरगंही दचकावं. आजारपणाच्या रजेचा अर्ज कसा लिहितात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्या फेब्रुवारीत साधी सर्दी झाली, ताप आला आणि चार दिवसांत गेलाही. आठवड्याभराने मुलांना लांब उडी शिकवत असताना छातीत दुखायला लागलं. मी छातीवर हात दाबून वाळूच्या खड्ड्याकाठी बसलो. मुलांना वाटलं, सर नवा व्यायाम दाखवतायत. सगळा वर्ग छातीवर हात ठेवून रांगेत बसला.

माझी थोरली बहीण पेणला असते, म्हणून मला तिथल्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तापाचा विषाणू हृदयापर्यंत गेलाय. हृदयाच्या स्नायूला सूज आहे. चार दिवस इथे राहा, मग किमान तीन महिने धावणं नाही, वजन उचलणं नाही."

"आणि शिट्टी?" मी विचारलं.

"तीही नको," ताई मध्येच म्हणाली. मॅडमनी तसं काहीच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर ताईने मला स्वतःच्या घरी आणलं. खाली भावोजींचा गणपतीचा कारखाना, वर घर. माझं वय चौतीस, लग्न व्हायचंय. अशा माणसाच्या हृदयाला सूज आली म्हटल्यावर गल्लीने आपल्या परीने अर्थ लावला. शेजारची काकू भाजी निवडता निवडता ताईला म्हणाली, "काय गो, कोण होती ती? रोह्याचीच काय?"

"विषाणू होता, काकू!"

"असंल. पण घरचं कोण कोण हाय तिचं?"

तीन आठवड्यांत छातीतलं दुखणं थांबलं आणि मला वाटलं, झालो बरा. एका दुपारी ताई बाजारात गेली होती, भावोजी जेवायला वर आले होते. खाली दारापाशी तीन फुटी मूर्ती वाळत ठेवली होती आणि तिच्यावरचं ऊन सरकलं होतं. घरात बसून खातोय तर एवढं तरी करावं, म्हणून मी मूर्ती उचलली. चार पावलं गेलो आणि छातीत धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मूर्ती टाकायची तर हिंमत होईना, धरून उभं राहायचं तर पाय साथ देईनात. मग तिला पोटाशी धरून मी हळूहळू भिंतीला टेकत खाली बसलो. हाक मारायलाही दम नव्हता.

ताई आली तेव्हा मी जमिनीवर आणि मांडीवर गणपती, त्याला अजून डोळेही आखलेले नव्हते. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली, भावोजींना हाक मारून मूर्ती बाजूला घ्यायला लावली आणि माझ्याशेजारी बसून रडायला लागली. "मला काय तू जड झालायस काय रे?" एवढंच म्हणाली. तिच्या रागाची मला सवय होती. रडण्याची नव्हती.

त्याच दिवशी तिने मला पुन्हा मॅडमपुढे उभं केलं. तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर हृदय काढलं. "सर, तुमच्या शरीरातल्या काही पेशी इथे विषाणूशी लढतात. त्या फार चेकाळल्या तर हृदयालाच इजा होते, म्हणून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. आणखी काही पेशी हृदयात कायमच्या राहतात. मेलेलं उचलून साफ करणं आणि दुरुस्तीला हातभार लावणं हे त्यांचं काम. हे सगळं चालू असताना तुम्ही हृदयाला पळवायचं नाही."

"मग त्यांना मदत काय करायची?" ताईने विचारलं.

"यांनी गप्प बसायचं. तीच मदत."

गप्प बसण्यासाठी भावोजींनी मला उंदीर रंगवायला दिले. माझा पहिला उंदीर खारीसारखा दिसत होता, दुसरा नुकताच ओरडा खाल्ल्यासारखा. भावोजी तो निरखून म्हणाले, "ह्यो तुमच्या वर्गातला दिसतोय." जूनपर्यंत माझे उंदीर उंदरांसारखे दिसायला लागले. मधून मधून मी ब्रश थांबवून छातीवर हात ठेवायचो. आत माझ्यासाठी एवढी मंडळी राबतायत आणि मला त्यातलं काहीच जाणवत नाही, याचं नवल वाटायचं. जन्मभर मी मुलांना 'जोर लावा' एवढंच शिकवलं होतं.

तीन महिन्यांनी सूज उतरली. मी शाळेत रुजू झालो, पण खुर्चीत बसून शिकवायचं या अटीवर. धावायची परवानगी मिळाली ती गणपती झाल्यावर, पुन्हा सगळ्या तपासण्या करून. तीही एकच फेरी, हळू.

ताई सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आली आणि थेट मैदानावर हजर झाली. मी निघालो तर मागे पावलं वाजली. बघतो तर चपला हातात, साडी खोचलेली आणि ताई माझ्यामागे.

"अगं, तू कशाला?"

"एकटा नाय धावायचास. चल, हळू!"

अर्ध्या फेरीत ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत हसायला लागली. मीही थांबलो. उरलेली अर्धी फेरी आम्ही चालत पुरी केली.