कोळीनाचातला डावा पाय

तिसगावजवळच्या त्या शाळेत जोशुआ भिंगारदिवे सर कित्येक वर्षं शिकवत होते, पण मुलांच्या पुढे ते कधी चालले नाहीत. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला होता. चालताना तो जमिनीवरून ओढला जाई. मागून येणारं एखादं पोर तसाच पाय ओढून दाखवतं आणि बाकीची खिदळतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आधी रांग जाऊ द्यायची, मग आपण. वर्गातही हसणं नव्हतं. पाढे होते, शुद्धलेखन होतं आणि सर दारात आले की पसरणारी शांतता होती.

गॅदरिंगच्या तोंडावर दयाबाईंची बदली झाली. नाच बसवायच्या त्या.

"सर, चौथीचा कोळीनाच आता तुमच्याकडे," मुख्याध्यापिका सुरेखा मॅडम म्हणाल्या.

"मी?" सरांनी पायाकडे पाहिलं.

"मग कोण? मी गुडघ्यांची पेशंट."

सरांनी मोबाईलवर नाच पाहिला, घरी कपाटाच्या आरशापुढे गिरवला. मेथी निवडता निवडता त्यांची बायको क्रिस्टीना म्हणाली, "अहो, सावकाश! होडी बुडवाल."

नाच शिकवायचा तर पाठमोरं उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी सरांची मान ताठरली होती. मागे काय चाललं असेल? पण गाणं लागलं, हातातल्या काठ्यांची वल्ही झाली, आणि कधी समुद्र न पाहिलेली ती पोरं फुफाट्यात होडी हाकू लागली. आठवड्याभरात मुलं बदलली, की सरच बदलले, कोण जाणे. सुट्टी झाली की पोरं त्यांचा हात धरून मैदानाकडे न्यायची. शेळी व्याली तेव्हा ओम धावत आधी सरांना सांगायला आला.

मग एकदा मॅडमनी सरावाचा व्हिडिओ काढला आणि कौतुकानं सरांना दाखवला. पुढे सर, मागे सगळी चौथी. आणि सगळी चौथी डावा पाय ओढत होती.

"छान बसलाय हो," मॅडम म्हणाल्या. सरांना ते ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले. "नाच बंद. पुस्तकं काढा."

"सर, आमचं काय चुकलं?" ओमनं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे."

कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी रेश्मा उठली. सगळ्यांत चांगली नाचायची ती.

"सर, ह्या ओम्याचं चुकतंय. मी रोज सांगती, पाय उचलू नको, ओढ. होडी जड असती. ह्यो लगीच उचलतो."

"पाय ओढायला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! तुमी करता तसंच करतो आमी."

"लई अवघड हाय, सर," ओम काकुळतीला आला. "पर जमंल मला. नाच नका बंद करू."

सर एकेक तोंड न्याहाळत राहिले. एकाही चेहऱ्यामागे हसू दडलेलं नव्हतं. आजवर किती चेहऱ्यांवर ते आपणच चिकटवलं असेल?

"तो पाय नाचातला नाही," ते म्हणाले. "माझाच तसा आहे. लहानपणी ताप आला होता."

मग रेश्मानं विचारलं, "दुखतो का, सर?"

"नाही."

"मग आमी सरळ टाकू?"

"सरळच टाका."

मैदानावर टाकून पाहिला. वल्हं निघायच्या आत पाय पोचलेला असे. ठेका सुटला, काठ्या एकमेकांच्या डोक्यात बसल्या. पोरं हसत सुटली. सरांनाही हसू आवरेना. "राहू द्या," ते म्हणाले, "होतं तसंच करा."

गॅदरिंगला मांडवात अख्खं गाव होतं. पडदा सरकला, गाणं लागलं, डावे पाय एकदम ओढले गेले. मांडवात कुणीतरी हसलं. पडद्याआड सर त्या हसण्याच्या दिशेनं वळले. तेवढ्यात ओमनं पाय उचलला, सरळ, सगळ्यांच्या आधी.

"ओढ की रं, ओम्या!" सर पडद्याआडून ओरडले. "ओढ!"