दुधाचं आडनाव

"पावडर द्या. ह्यांचं नको."

आजीबाई डॉक्टरांशी बोलत होत्या, पण बोट माझ्या बायकोकडे होतं. तिच्या हातात नुकत्याच काढलेल्या दुधाची बाटली. मिल्क बँकेत द्यायला निघाली होती.

बडोद्यातला दवाखाना. आमची मुलगी दिवस भरायच्या आधी झालेली, काचेच्या पेटीत. शेजारच्या पेटीत आजीबाईंचा नातू, माझ्या पंजाएवढा. त्याच्या आईला दूध येत नव्हतं. माझ्या बायकोचं मुलीला पुरून उरत होतं.

थोड्या वेळापूर्वीच आजीबाई म्हणाल्या होत्या, "अगबाई, आपलीच माणसं! वासण्याला आमच्या घरी या हो कधी. आडनाव काय तुमचं?"

मी हरखलो. आम्ही राहतो त्या बाजव्यात आम्ही नुसते 'मराठी भाई'. गुजराती शेजाऱ्यांना आडनावातून जात कळत नाही. मराठी माणसाला कळते. तेच विसरलो. आडनाव सांगितलं, वर गावही सांगितलं. आजीबाईंनी पदर आवरून घेतला.

गुजराती डॉक्टर समजावत राहिले. "बा, एवढ्या कच्च्या आतड्याला पावडर सोसत नाही. आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं दूधच बाळाला जंतूंपासून राखतं. तपासलेलं, तापवलेलं असतं. सगळ्या आयांचं एकत्र. कोणाचं ते आम्हीही सांगू शकत नाही."

"एकत्र? मग तर मुळीच नको."

घरच्यांच्या होकाराशिवाय देता येत नाही. बाळाचा बाप भिंतीकडे बघत राहिला. 

पावडर दिली. बाळाचं पोट फुगलं. त्याची आई माझ्या बायकोजवळ येऊन पुटपुटली, "ताई, मी सांगून बघितलं हो." मग ते बाळाला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेले. पुढे काय झालं, आजही माहीत नाही.

मी बायकोला म्हटलं, "मी आडनाव सांगितलं नसतं, तर त्याला दूध मिळालं असतं."

ती बाटलीचं झाकण आवळत होती. "म्हणजे दूधसुद्धा आपण चोरासारखं द्यायचं?"

 ते फुगलेलं पोट डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मिल्क बँकेच्या दारात सिस्टरने विचारलं, "मराठी भाई, बेननुं नाम?"

मी बायकोचं नाव सांगितलं. आडनावासकट. बाकावरची दोन मराठी माणसं वळली. मी आडनाव पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

त्या बाळाचं ओझं मी मरेपर्यंत वाहीन. आडनाव गिळणार नाही.