मासळीचं खळं

आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगांपलीकडे सुकटवाल्याचं गोणपाट पसरलेलं असतं. तिथवर पोचलो की खारट, उग्र, उन्हात मुरलेला तो वास नाकात शिरतो आणि माझी पावलं नकळत भरभर पडू लागतात. मला मासळीचा वास सोसत नाही असं बायको सगळ्यांना सांगते, आणि कित्येक वर्षं मी तिचा हा समज तसाच राहू दिला. खरी गोष्ट निराळी आहे. त्या वासाबरोबर एक समुद्रकिनारा उभा राहतो, आणि त्या किनाऱ्याविषयी बोलायचं मी आजवर टाळत आलो. आता टाळणार नाही.

परवा त्याच गावाहून फोन आला. तिथल्या हॉटेलवाल्यांना माझा सत्कार करायचा आहे, पर्यटकांची पहिली गाडी गावात आणणारा माणूस म्हणून! पलीकडचा तरुण मोठ्या अदबीनं म्हणाला, "काका, दोनच शब्द बोला. तुम्ही आलात तेव्हा इथं काहीच नव्हतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ." मी नकार दिला तर बायको वैतागली. "आता कशाला जुनं उकरून काढून राह्यलात? शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, घरी यायचं. झालं मंग!" नाही, ती शाल माझ्या खांद्यावर येणार नाही. काहीच नव्हतं, हे वाक्य माझ्या तोंडून कोणीही वदवून घेऊ शकणार नाही.

काय नव्हतं तिथं? मी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत विक्रीचं काम पाहत होतो. दिवाळीनंतर बियाण्यांच्या दुकानदारांना सहलीला नेणं हीही माझीच जबाबदारी. एका वर्षी ठरलेल्या गावी जागा मिळाली नाही, म्हणून आमची बस किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढं गेली आणि संध्याकाळी एका कोळीवाड्याशी थांबली. लॉज नव्हता की खानावळ नव्हती. चांगुणाबाई नावाच्या एका विधवा कोळणीनं आपलं घर उघडून दिलं. सकाळी दार उघडलं आणि समोर पाहतो तो काय! बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबलांची चंदेरी तोरणं वाऱ्यावर हलत होती, खाली चोपून सारवलेल्या जमिनीवर जवळ्याचा गुलाबी गालिचा पसरला होता, आणि पाचपन्नास बाया ओणव्या होऊन तो हातांनी उलटापालटा करत होत्या. त्यांच्यामागे समुद्र होता, पण त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड होती?

तीर्थपुरीचे आमचे एक दुकानदार जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहायला आलेले. ते समुद्राकडे पाठ करून त्या जवळ्यातच रमले. "मावशी, क्विंटलला काय भाव?" चांगुणाबाई मान वर न करता म्हणाली, "आधी चपला काढ रं दादा, ह्यो आमचा खळा हाय. भाव मागून इचार." ते ओशाळले, चपला हातात घेऊन म्हणाले, "चुकलं. आमच्याकडं बी खळ्यावर चपला घालून जात न्हाईत." त्यावर बाया अशा खळखळून हसल्या, की आमचे दुकानदारही हसू लागले. अरबी समुद्राचं पोर आणि कपाशीच्या काळ्या मातीचं पोर एकमेकांना इतकं सहज ओळखतं! पिकाची जात निराळी, पण ऊन तेच, घाम तोच, अवकाळी ढगांची धास्तीही तीच.

ही ओळख मला पटली नाही, कारण मी बूट घालून लांब उभा होतो. पुढच्या वर्षी कंपनीचे मालक सहकुटुंब येणार होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली तर, या एका भीतीपोटी मी आधी एकटाच जाऊन गावातल्या पुढाऱ्यांना भेटलो. म्हणालो, "आमच्या लोकांना हा वास सहन होत नाही. समोरची जागा मोकळी झाली तर दरवर्षी पाच गाड्या आणतो, नाहीतर दुसरी गावं आहेतच." कोणाला सहन होत नव्हता? एकाही पाहुण्यानं तक्रार केली नव्हती. उलट परतीच्या बसमध्ये निम्म्या पिशव्यांमधून बोंबील दरवळत होते!

मांडव निघाले. आधी चांगुणाबाईच्या घरासमोरचे, मग शेजारचे. मोकळ्या वाळूत खुर्च्या आल्या, छत्र्या आल्या, घोडे आले. घरांचे लॉज झाले आणि लॉज पाडून त्यांच्या जागी हॉटेलं उठली. आता तर अथांग सागराच्या काठावर निळ्या फरशांचे पोहण्याचे तलाव आहेत, पुण्यामुंबईची लग्नं आहेत, सूर्यास्त दिसणाऱ्या खोलीला वेगळं भाडं आहे. आणि प्रत्येक नव्या हॉटेलानं उरलेलं खळं मागे ढकलताना माझंच वाक्य वापरलं: पाहुण्यांना वास सहन होत नाही. शेवटी खळ्यावर गाड्या उभ्या करायची जागा झाली.

लोक मला समजावतात, की तुम्ही नसता तर दुसरा कोणी आला असता. आला असता! पण आलो मी. काळाच्या अंगावर आपलं पाप टाकून मोकळं होण्याची ही रीत मला मान्य नाही. विकासाला माझा विरोध नाही. रस्ता झाला, दवाखाना झाला, पोरं शिकली, हेही मी पाहिलं आहे. पण जिथं एक अख्खं गाव ऊन वेचून वर्षाची बेगमी करत होतं, तिथं काहीच नव्हतं म्हणणं हे त्या बायांच्या वाकलेल्या पाठींवर दुसऱ्यांदा बूट ठेवणं आहे.

निवृत्त झाल्यावर मी एकदा एकटाच तिथं गेलो होतो. जालन्याजवळच्या बदनापूरहून रेल्वेत बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होतो: मावशी, पाहुणे काही बोलले नव्हते, तुमचं खळं मी उठवलं. चांगुणाबाई एका हॉटेलाच्या मागच्या अंगणात भेटली. दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घालत होती. पार थकलेली, पण नजर शाबूत. "जालन्याचं पावणं!" म्हणत तिनं माझा हात धरला, पायरीवर बसवलं, कापूस कसा आहे औंदा म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच संकोचून म्हणाली, "तवा तुमच्या माणसांना आमच्या वासाचा लय तरास झाला. आम्हांला कळलं न्हाई. मनात ठेवू नका."

ती आता या जगात नाही. त्या दिवशी त्या पायरीवर तिनं माझी क्षमा मागितली, आणि मी, माझी क्षमायाचना ओठांवर घेऊन एवढा प्रवास करून आलेला मी, नुसतं म्हणालो, "असू द्या, मावशी."