जावेचं कार्ड

थोरल्या जावेचा, म्हणजे वहिनींचा, खुबा बदलला तेव्हा गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरची सगळी मराठी मंडळी त्यांना बघायला आली. कुणी सांजा आणला, कुणी मेतकूट. माझ्या पोटात दुखलं, आणि खरं सांगायचं तर खुबाही दुखतच होता. महिन्याभरात त्याच डॉक्टरांकडून मीही बदलून घेतला.

दोघींना एकाच कंपनीचे भाग बसवले होते. मांडीच्या हाडात सळी, सळीच्या टोकावर गोळा आणि गोळा फिरायला वाटी. डॉक्टरांनी मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. घरी येऊन मी मात्र ठोकून दिलं, "वहिनींचा देशी, माझा विलायती."

"बरं झालं बाई, तुझं हाड नाजूक," वहिनी म्हणाल्या. त्यांना जराही हेवा वाटला नाही, याचा मला भारी राग आला.

दवाखान्यातून दोघींना एकेक कार्ड मिळालं होतं, त्यावर कंपनीचं नाव आणि मापं. वहिनींनी आपलं प्लास्टिकात बंद करून चांदीच्या ताम्हनाजवळ पेटीत ठेवलं. मी माझं पंचांगात खोचलं. आमच्याकडे धोब्याच्या यादीपासून सगळे कागद पंचांगातच जातात. आणि पाडव्याला नवं पंचांग आलं की जुनं रद्दीत नाही टाकायचं, गंगेला द्यायचं. त्या पाडव्याला मीच हळदकुंकू वाहून ते पाण्यात सोडलं.

चौदा वर्षांनी तोच खुबा पुन्हा ठणकायला लागला. जुने डॉक्टर वारले होते, त्यांचा दवाखानाही बंद झाला होता. नव्या डॉक्टरांना मी आधीच बजावलं, काही करा, पण कार्तिकात मला गंगेवर उतरता आलं पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून माझं एक कार्तिकस्नान चुकलेलं नाही.

त्यांनी एक्स-रे बघितला. "माताजी, रॉड तो एकदम पक्की है. गोला और कटोरी घिस गई है. कार्ड लाइए."

"गंगाजी में है," मी म्हणाले.

ते आधी हसले, मग गंभीर झाले. प्रत्येक कंपनीच्या सळीचं टोक केसाएवढं वेगळं असतं म्हणे. डोळ्यांना सारखंच दिसतं, गोळाही बसतो, पण परक्या कंपनीचा असला तर आत घासत राहतो. आणि सळीच उपटायची तर या वयात हाड फुटायचं. कंपनी कळली की सगळं सोपं होतं.

"उन्हीं डाक्टर साहब ने आपके घर में किसी और का ऑपरेशन किया था?"

वहिनी दाराबाहेर बाकावरच बसल्या होत्या, मांडीवर माझ्या खिचडीचा डबा घेऊन. नुसती हाक मारायची होती. पण मग त्या म्हणाल्या असत्या, "म्हणजे तुझाही देशीच?" झाकली मूठ सव्वा लाखाची.

"नहीं," मी म्हणाले.

घरात कुणालाही वहिनींचं कार्ड आठवलं नाही. चौदा वर्षं सगळे माझा खुबा विलायतीच धरून चालले होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचा, त्यातल्या त्यात जुळणारा गोळा बसवला. सपाटीवर मी नीट चालते. सीढी मात्र बंद, एकही पायरी चढायची-उतरायची नाही, हे त्यांनी औषधाच्या पर्च्यावर लिहूनच दिलं. आमच्या घाटावर सीढी बंद म्हणजे गंगाच बंद.

कार्तिक लागला. वहिनी रोज पहाटे खाली उतरतात, एक हात भिंतीला लावून, सावकाश. मी खिडकीतून बघते आणि जळते. ओल्या पातळानं वर येऊन त्या आधी माझ्या ओंजळीत लोट्यातलं पाणी घालतात.

परवा म्हणाल्या, "एक दिवस चल की गं माझ्याबरोबर. माझ्या देशीला जमतंय, मग तुझ्या विलायतीला काय धाड भरलीय?"

"उद्या बघू, वहिनी," मी म्हणाले, आणि ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं.