बाहुलीचे केस आणि नानांची टोपी

नानांना टोपीशिवाय पाहिलेला माणूस आख्ख्या अमळनेरात सापडला नसता. ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मे महिन्यात रस्त्याचं डांबर वितळायचं, तेव्हाही पांढरी टोपी डोक्यावरच. "नाना, टोपीखाली काय आहे हो?" आम्ही मुली छेडायचो. "मनी इज्जत शे," माझी इज्जत आहे, असं अहिराणीत म्हणत ते पुन्हा परीक्षानळ्या धुवायला लागायचे.

टाकाऊ सामानातून त्यांनी एक बाहुली उभी केली होती. प्लास्टिकच्या डब्यावर पत्र्याची थाळी, थाळीतून वर आलेली तार, तारेवर बाहुली आणि तिच्या डोक्याला नायलॉनचे बारीक केस. लोकरीने घासलेला प्लास्टिकचा पाइप थाळीवरून फिरवला की बाईसाहेबांचे केस भूत पाहिल्यासारखे ताठ! "हवा कोरडी शे ना, मंग बठ्ठं जमस," म्हणजे कोरड्या हवेत सगळं जमतं, हे नानांचं ब्रह्मवाक्य.

मी दहावीत असताना ही बाहुली जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात जायची होती. तिथे बोलायला मीच हवी, असा हट्ट नानांनी विज्ञानाच्या सरांकडे धरला. माझे वडील, आबा, मला सायन्सला घालायला तयार नव्हते. "चार लोकांत तोंड उघडत नाही, ती काय सायन्स शिकणार?" नाना घरी येऊन त्यांना म्हणाले, "आबा, एक डाव ऐकाले तं या."

आदल्या दिवशी बाहुली माझ्या ताब्यात आली. कोरड्या केसांची पोर दिसली की आमच्याकडच्या बायका विचारतात, "हिला आई नाही का?" मला बाहुलीची कीव आली. मी खोबरेल चोपडून तिची घट्ट वेणी घातली आणि सकाळी हौसेने सोडली.

जळगावला परीक्षक समोर, आबा त्यांच्या मागे. मी पाइप घासला, फिरवला. एक केस हलेना. पुन्हा घासला, तरी तेच. नानांनी बाहुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. पाठ केलेलं बोलायचं सोडून मी पाइप खाली ठेवला. आबा दाराकडे निघाले.

तेवढ्यात नानांनी टोपी काढली. तुळतुळीत टक्कल आणि कडेने विरळ पांढरे केस. ते स्टुलावर बसले. "फिराव पाइप. आज मीच बाहुली शे. बोल आते!"

पाइप जवळ नेताच ते पांढरे केस एकेक करून उभे राहिले. सगळं दालन खो खो हसलं. नाना मात्र ताठ बसून होते. त्यांना तसं पाहून मला बोलावंच लागलं. केस का उठतात ते सांगितलं, तेलाने का चिकटून बसतात तेही सांगितलं. आबा दारातून परत आले होते.

परतताना एस.टी.त आबांनी तिघांची तिकिटं काढली. मग नानांना म्हणाले, "कॉलेजचा फॉर्म कधी निघतो?"

मी धुळ्याला शिकवायला लागले त्यानंतर दोनेक वर्षांनी नाना गेले. अंगणात त्यांना निजवलं होतं. आंघोळ झाली होती, पण कुणीतरी टोपी घालायची विसरलं होतं. मी आत जाऊन खुंटीवरची टोपी आणली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती त्यांनी चारचौघांत एकदाच काढली होती, माझ्यासाठी.