सोबोवालेसाहेब रस्सा करतात

ज्या माणसाने जन्मात कांदा सोलला नाही, त्याला रश्शातलं सगळं कळतं. हे ज्ञान मला सोबोवालेसाहेबांमुळे झालं. नायजेरियातल्या अबेओकुटात माझं जुनं घर आहे, मधे लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर भाडेकरूंच्या खोल्या. त्यातल्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत हे गृहस्थ माझे केस काळे होते तेव्हापासून राहतात. पाणीखात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण गळ्यातला टाय काही सुटला नाही. बनियनवर टाय लावायचा तेवढा बाकी ठेवलाय.

त्यांच्या जेवणाचा सोहळा रोज ओट्यावर व्हायचा. बायकोने ताट आणून ठेवायचं, गुडघा टेकायचा आणि उभं राहायचं. साहेब आधी काट्याने रस्सा ढवळणार, मग वास घेणार आणि मग आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा निकाल देणार. “आज तेल वर आलेलं नाही.” “आज मिरची झोपलेली दिसते.” “आज मटण रबरासारखं.” निकाल देऊन झाला की ताट चाटूनपुसून स्वच्छ. कोंबडी केली की तिची कलेजी-पेटी साहेबांची, मांडी साहेबांची, आणि मान तेवढी पोरांत वाटायला. पोरांनी मटणाकडे नुसतं बघितलं तरी म्हणायचे, “लहानपणी मटण दिलं की मूल चोर निघतं.” स्वतःला बहुतेक कुणी दिलं नसावं, म्हणून हा वचपा.

बायको मोरादेउन. थोरल्या मुलीच्या नावावरून आम्ही तिला एनितानची आई म्हणतो. घराच्या मागच्या अंगणात आमचं सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर आहे, त्यामुळे कोणाच्या पातेल्यात काय आणि हातात काय, हे लपत नाही. तिच्या हातात चव होती. टोमॅटो, मोठ्या लाल मिरच्या, छोट्या गोल जहाल मिरच्या आणि कांदा गिरणीतून वाटून आणायची. आधी त्यातलं पाणी आटवायची, मग तेलात टाकून परतत बसायची. घाई नाही, बडबड नाही. टोमॅटोचा आंबटपणा मरून तेल वर तरंगायला लागलं की मगच उकडून तळलेलं मटण आणि त्याचं पाणी आत जायचं. माझ्या खोलीपर्यंत वास यायचा आणि स्वतःचं जेवण मला नकोसं व्हायचं. असा रस्सा आयता मिळत असताना जो माणूस रोज नाक मुरडतो, त्याला काय म्हणावं? तोंडावर मी त्यांना “बाबा” म्हणत आले, कारण ते वयाने मोठे. मनात म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

मागच्या वर्षी एनितान इलोरिनला बाळंत झाली. आई गेली बाळाला न्हाऊमाखू घालायला. थोड्या आठवड्यांसाठी म्हणून गेली ती आलीच नाही. बाळ पालथं पडलं, रांगलं, धरून उभं राहिलं, तरी हिचा पत्ता नाही. साहेब कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवू लागले. तिथेही ढवळून, वास घेऊन निकाल दिला, तर खानावळवाली म्हणाली, “बाबा, मी काही तुमची बायको नाही. खायचं तर खा, नाहीतर बाकडं मोकळं करा.” त्या दिवसापासून तिथे मुकाट जेवायचे. म्हणजे मुकाट जेवता येत होतं तर!

शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी फोन लावला. फोन नेहमी स्पीकरवर, कारण साहेबांचं बोलणं म्हणजे जनतेसाठी.

“बाळ उभं राहायला लागलं म्हणतेस. मग तू कशाला बसलीस तिकडे?”

“विश्रांती घेतेय.”

“विश्रांती? कशापासून? इथे काय तुला दगड फोडायला लावले होते? रस्साच तर करत होतीस! टोमॅटो तेलात टाकायचे, मटण टाकायचं, झालं. शेंबडं पोरही करील.”

पलीकडून बाळाचं बोबडं ऐकू येत होतं. मग एनितानची आई शांतपणे म्हणाली, “बरं. मग तुम्ही करा. येत्या रविवारी मी आणि माझा दादा जेवायला येतो. रस्सा तुमच्या हातचा हवा, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. माझं समाधान झालं तर त्याच दिवशी राहीन, परत जाणार नाही. नाही झालं तर मी लेकीकडेच राहते. कायमची.”

“एवढंच ना?” साहेब हसले. “बॅग भरूनच ये.”

बोळातल्या सगळ्या दारांतून डोकी बाहेर आली होती, ती पुन्हा आत गेली. पलीकडच्या खोलीतली आयोका, नुकतीच लग्न होऊन आलेली, भाबडी पोर. ती त्यांच्याकडे गेली. “बाबा, कसं करायचं ते सांगू का? हात नाही लावणार, नुसतं सांगते.”

“तू मला सांगणार? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी रस्सा खातोय.”

खाणं आणि करणं यांत फरक असतो हे मी त्यांना सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी साहेब टाय लावून बाजारात गेले आणि बादलीभर टोमॅटो-मिरच्या घेऊन कामोरूच्या गिरणीवर आले. मी तिथेच होते, माझी स्वतःची मिरची घेऊन. आयोकाही होती, आणि गल्लीतल्या आणखी पाच-सहा बायका. गिरणीत नुकतीच एकीची भज्यांसाठी भिजवलेली चवळी वाटून झाली होती. आता, चवळी वाटून झाल्यावर आमच्यात कुणी शहाणी बाई आपला टोमॅटो पुढे करत नाही. दगडांना चिकटलेलं चवळीचं पीठ पहिल्या बादलीत उतरतं. कामोरू वरून तांब्याभर पाणी ओततो, पण तो देखावा. म्हणून सगळ्या खोळंबून उभ्या राहतात, कुणी चवळीवाली येते का किंवा कुणी नवखी सापडते का बघत.

“पुढचं कोण?” कामोरू ओरडला.

“तू हो पुढे गं.”

“छे छे, तू आधी आलीस. माझा कांदा सोलायचा राहिलाय.”

“मला काही घाई नाही बाई.”

एवढ्यात साहेबांनी बादली आपटली. “वयाला काही मान आहे की नाही या गल्लीत? एक म्हातारा माणूस उभा आहे आणि तुमचं आपलं तू हो, मी हो!”

“आहे ना बाबा, मान नाही कसा? या, या!” सगळ्या बायका बाजूला झाल्या. लग्नाच्या वरातीलाही इतकी झटपट वाट मिळत नाही. साहेब ताठ मानेने पुढे गेले. आयोकाने तोंड उघडलं, “अहो बाबा, चव...” तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षं गिरणीच्या रांगेत बायको उभी राहिली. तिथे काय चालतं हे एकदा जरी जेवताना विचारलं असतं, तरी त्या बादलीसकट ते मागे सरले असते.

गिरणीच्या तोंडातून आधी पांढुरकं, मग गुलाबी आणि मग कुठे लाल बाहेर पडलं. “हे फिकट का?” साहेबांनी विचारलं. “फेस आहे साहेब,” कामोरू म्हणाला. साहेब त्याला येता-जाता गाढव म्हणायचे.

मग स्वयंपाकघरातला तमाशा. मटण उकडलं, तळलं, निम्मं करपवलं. वाटण पातेल्यात ओतलं. चवळीने तेल पिऊन टाकलं आणि वाटण बघता बघता खिरीसारखं झालं. वरून दाट, आतून कच्चं, आणि बुडाला चिकटायला लागलेलं. तेल वर येण्याचं नाव नाही. ज्याने जन्मभर “तेल वर आलं नाही” म्हणून बायकोचा उद्धार केला, तो आता पातेल्यात डोकावून म्हणतो, “बघा, काय दाट झालाय! हिचा असा कधी झाला होता?” आणि लगेच मटणाचं पाणी ओतून आच बंद.

आयोकाला राहवेना. “बाबा, तळहातावर थेंब घेऊन चव तरी बघा.”

“हात चाटायला मी काय भटारी आहे? वासावरून कळतं मला.”

दुपारी गाडी आली. एनितानची आई उतरली, मागून तिचा दादा आकिनलाबी. मागच्या सीटवर मोठी बॅग होती. मी मुद्दाम पुढे होऊन बघितली. चांगली फुगलेली, दोरीने बांधलेली बॅग. म्हणजे ती परत यायच्या तयारीने आली होती. खरं सांगते, मला तिचा राग आला. एवढं होऊनही बॅग भरते ही बाई!

सासरवाडीचा माणूस दारात आला की जावयाने लोटांगण घालायचं असतं, मग त्याचं वय काही असो. साहेबांनी किंचित वाकून एक बोट जमिनीकडे दाखवलं आणि म्हणाले, “गुडघा दुखतो.” आकिनलाबीने तेवढ्यावर भागवून घेतलं. तो सज्जन माणूस.

ओट्यावर ताटं मांडली. साहेबांनी स्वतः भात वाढला, वर रस्सा घातला, आणि आपल्या ताटात मोठ्या फोडी आधी काढून ठेवल्या. आम्ही सगळे बोळात कामाचं सोंग करून उभे. आकिनलाबीने पहिला घास घेतला, चावला, थांबला आणि पाण्याचा पेला उचलला.

“भावोजी, यात चवळी आहे का?”

“चवळी? रश्शात चवळी कशी असेल?” साहेबांनी आपला घास घेतला. त्यांचं तोंड जे वाकडं झालं, ते बघायला मी पैसे मोजले असते. आणि मग सुरू झालं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर आख्खं अबेओकुटा वाकडं निघालं. कामोरू चोर. टोमॅटोवाली लबाड. शेगडी नीट पेटत नाही, घरमालकिणीला सांगून दमलो. त्या रांगेतल्या बायका, एकीने तरी सांगावं! ही आयोका, नुसती उभी राहून बघत होती. शेवटी वळले बायकोकडे. “आणि तू! इतकी वर्षं झाली, मला एकदा तरी शिकवलंस का?”

ती जेवत होती. मान खाली, अगदी सावकाश, एकेक घास चावून. त्या कच्च्या आंबट लगद्याची शेवटची शितं तिने बोटांनी गोळा करून खाल्ली. आकिनलाबी तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांचा चेहरा उजळला. “बघा! हिने संपवलं. म्हणजे इतका काही वाईट नाही.”

“वाईटच आहे,” ती म्हणाली. “पण रस्सा बिघडला म्हणून मी काही म्हणत नाही. माझाही कितीदा बुडाला लागला. पोरं तापाने फणफणायची, मी इकडे ढवळू की तिकडे धावू? पण जेव्हा लागला तेव्हा मी ताट ठेवतानाच सांगितलं, माझ्याकडून लागला. आणि तुम्ही ते गल्लीला ऐकवलंत. आज मी वाट बघत होते. म्हटलं, ताट संपेपर्यंत तरी म्हणतील. म्हणून सावकाश जेवले.”

“काय म्हणायचं होतं मी?” साहेबांनी विचारलं.

तिने दादाकडे बघितलं. आकिनलाबी उठला. तिने हात धुतले, आयोकाच्या गालावरून हात फिरवला, मला म्हणाली, “येते हं सिकिराताई,” आणि जाऊन गाडीत बसली. 

साहेब गाडीपर्यंत गेले. वाटलं, आता तरी. जीभ टाळ्याला चिकटली असेल, पण माणूस खिडकीपाशी वाकून एक शब्द बोलू शकतो. ते वाकले नाहीत. तिनेच काच खाली केली.

“गरम पातेल्यावर घट्ट झाकण ठेवू नका. आणि सकाळ-संध्याकाळ एक उकळी देत जा, नाहीतर नासेल.”

“कोण देणार उकळी?” साहेबांनी विचारलं.

आकिनलाबी मोठ्याने हसला. त्याला वाटलं, साहेबांनी विनोद केला. ती हसली नाही, कारण ती त्यांना ओळखते. गाडी सुरू झाली आणि चढणीवरून निघून गेली. साहेब रस्त्यात उभे होते, एका हाताने टाय सरळ करत. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी लहान मुलासारखं पुन्हा तेच विचारलं, “कोण देणार उकळी?” मी आत आले आणि दार लावून घेतलं.