ताईंना भरून आलंय

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी पिंपरीतल्या आमच्या कंपनीत माझा सत्कार झाला. माझं भाषण चालू असताना माइक बंद करण्यात आला.

मी जन्मापासून आंधळी. विजेच्या मोटरींसाठी तारेच्या कॉइल गुंडाळायच्या खात्यात होते. नुसत्या बोटांनी काम करते म्हणून पेपरात माझे फोटो यायचे. शाळांच्या सहली मला बघायला यायच्या. युनियनच्या कमिटीवर मी निवडून आले होते, गेटसभेत बोलत होते. ते कधी छापून आलं नाही.

शांता माझ्या शेजारच्या टेबलावर होती. थेरगावहून ती माझा हात धरून मला कामावर आणायची. सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून तिला ब्रेक होता. कायम करायची वेळ आली की बाईला घरी बसवायचं आणि मर्जी झाली तर नवी म्हणून पुन्हा घ्यायचं, याला ब्रेक म्हणत.

शाल झाली, नारळ झाला. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला, ताई."

मी म्हणाले, "खात्यातल्या बायकांना ब्रेक का देता?"

पुढचं वाक्य भोंग्यातून आलंच नाही. मी ओरडून बोलू लागले. भोंगा पुन्हा सुरू झाला, पण आवाज निवेदकाचा होता.

"ताईंना भरून आलंय. जोरदार टाळ्या!"

मला भरून आलं नव्हतं. कुणीतरी माझं कोपर धरलं. स्टेजची कड कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. हात झटकला असता तर पडले असते. नेलं तिकडे गेले.

खाली शांता भेटली. "ऐकू आलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. काय म्हणलीस?"

मी सांगितलं.

"मला कशाला सांगतीस? मला ठावं हाय की!"

पेपरात बातमी आली: सत्काराने अंध भगिनी गहिवरली.

पुढच्या आठवड्यात साहेब पाहुणे घेऊन खात्यात आले. "ताई, जरा करून दाखवा."

मी हात मांडीवर ठेवले. "आधी शांताला आत घ्या."

"राजकारण तुम्हाला शोभत नाही, ताई."

"मी कमिटीवर आहे, साहेब."

"ते असू द्या हो."

पाहुणे थोडा वेळ थांबले. मग बुटांचे आवाज दाराकडे गेले.

मला पॅकिंगला टाकलं. शांताला कंपनीने परत घेतलं नाही. पाहुणे आले की तिथेही बोलावणं यायचं, पण त्यांच्यासमोर मी पुन्हा कॉइलला हात लावला नाही.